एका बाजूची धार

हत्यारांच्या दुकानात मिलीमीटर शिरताना दिसला, की दुकानदार काहीतरी शोधायच्या निमित्ताने काउंटरखाली वाकायचा. गिऱ्हाईक वाईट नव्हतं. पण एक चाकू घ्यायचा म्हणून हा माणूस तीस चाकू बाहेर काढायला लावायचा, दाराशी उजेडात नेऊन एकेक पातं एक डोळा मिटून बघायचा, अंगठ्याच्या नखावर टेकवायचा, मूठ हातात घोळवायचा, आणि तासाभराने शांतपणे विचारायचा, नवीन माल कधी येणार. शेवटी अकरा वर्षांपूर्वी त्याला जो चाकू पसंत पडला तो विकायचा नव्हताच. दुकानदार स्वतः खोकी उघडायला वापरायचा तो होता. दुकानदाराने तो तसाच हातावर ठेवला आणि म्हणाला, न्या, पण आता दहा वर्षं तोंड दाखवू नका.

मिलीमीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव कागदोपत्री होतं आणि तिथेच सुखात होतं. "जरा इकडे सरका" असं हा माणूस कधी म्हणायचा नाही, "चाळीस मिलीमीटर सरका" म्हणायचा, म्हणून कामावर हे नाव पडलं आणि चिकटलं. धंदा वायरमनचा. पण ख्याती एका गोष्टीची, केबल सोलण्याची. मनगटाएवढी जाड केबल ज्यांनी कधी हातात धरलेली नाही, त्यांना हे काम कांदा सोलण्याइतकं सोपं वाटतं. वाटू दे. केबलवर वरून काळं जाड आवरण असतं. त्याच्या आत चार तारा, आणि प्रत्येकीला स्वतःचं रंगीत आवरण. काळं तेवढं काढायचं आणि रंगीताला ओरखडाही लागू द्यायचा नाही, एवढंच काम. पण त्या दोघांच्या मध्ये जागा कुठे असते? म्हणून काळं आरपार कापायचंच नसतं. पातं अगदी शेवटच्या पापुद्र्यापर्यंत न्यायचं, तिथे थांबायचं, मग केबल वाकवायची. उरलेला पापुद्रा आपण होऊन फाटतो. कुठे थांबायचं हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांना कळतं.

चाकूही त्यासाठी वेगळा लागतो. टोक बोथट, आणि पात्याला उतार एकाच बाजूने. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. ती सपाट बाजू आतल्या तारांकडे ठेवली की पातं त्यांच्यावरून घसरत जातं, रुतत नाही. भाजी चिरायच्या चाकूला दोन्हीकडून उतार असतो, त्याला आत शिरायचीच घाई. मिलीमीटर दर आठ दिवसांनी दगड भिजवून बसायचा. उतारावर वीस हात, आणि सपाट बाजूवर फक्त एक, तोही फुंकर मारल्यासारखा, नुसती काठाची खरखर काढण्यापुरता. मग अंगठा आडवा फिरवून बघायचा. ती खरखर गेली की नाही, हे त्याच्या अंगठ्याने इतकी वर्षं बिनचूक सांगितलं होतं.

आणि आता तो अंगठाच मुका झाला होता.

सुरुवात शर्टाच्या गुंडीपासून झाली. एका सकाळी गुंडी सापडेना. बोटं तिच्यावर होती, पण गुंडी तिथे आहे हे त्यांनी कळवलंच नाही. मग नाणी. मग एकदा गरम चहाचा पेला त्याने खुशाल धरून ठेवला आणि बोटाला फोड आली तेव्हा कळलं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, नसांवर गेलीय, आणखी वाढणार नाही असं बघू. गेलेलं परत येईल का, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. बाहेर आल्यावर त्याने फुटपाथवर उभं राहून दहाही बोटं एकमेकांवर दाबून पाहिली. दुसऱ्याच कोणाचे तरी हात मनगटांना लावून दिल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून भीती त्याच्याकडे राहायलाच आली.

कोणाला सांगायचं? बोटांनी ओळखला जाणारा माणूस, बोटं गेल्यावर कोण उरतो? तो डोळ्यांवर आणि कानांवर भागवू लागला. पातं कुठवर गेलंय ते बघून ठरवायचं, कापण्याचा आवाज बदलतो का ऐकायचं, आणि हाताला काही जाणवेना म्हणून जरा जास्त दाबायचं. दोन महिने निभावलं. निभावलं म्हणजे काही झालं नाही, इतकंच.

घरात दोघंच. तो आणि त्याची थोरली बहीण. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून आली होती, त्याला आता बारा वर्षं झाली. भावाने लग्न केलं नाही. ताईचं म्हणणं असं, की दुकानदाराला शेवटी एक चाकू तरी खपवता आला, मला तेवढंही जमलं नाही. ती एका मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला यायच्या. भिजलेल्या चादरी पिळून काढणारी सहा यंत्रं एका रांगेत होती, आणि चार नंबरच्या यंत्रापाशी ताई. खाली फरशीवर कायम पाणी. चादर बाहेर आली की ताई तिच्यावरून एकदा तळहात फिरवायची आणि टाचणीच्या डोक्याएवढं भोकसुद्धा न बघता काढून दाखवायची. पंचावन्नच्या पुढे गेलेली बाई, पण या कामात कारखान्यातल्या पोरींना हार जात नव्हती.

त्याच कारखान्यात त्या सहा यंत्रांच्या केबल बदलायचं काम निघालं आणि ते मिलीमीटरकडे आलं. सुपरवायझर म्हणाला होता, दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर तुमच्या बहिणीने मला चादरीत घालून पिळलं असतं. सुट्टीचा दिवस ठरला. सहा केबल, त्यांची बारा टोकं, सहा मुख्य स्विचबोर्डाकडे आणि सहा यंत्रांच्या पेट्यांत. मिलीमीटर सकाळपासून लागला, त्याने दुपारी चारलाच मान वर केली. त्या दिवशी चाकू लोण्यातून गेल्यासारखा चालला होता. कित्येक दिवसांत इतकं सोपं गेलं नव्हतं. जास्त दाबावं लागलं नाही, आणि त्याला वाटलं, बोटं परत येताहेत की काय. त्या आनंदात तो गुणगुणतही होता.

सुपरवायझरने मीटर लावून सगळ्या केबल तपासल्या. आकडे उत्तम. गळती झाली की क्षणात वीज तोडणारी नवी पेटी पुढच्या महिन्यात बसायची होती, पण तोवर यंत्रं थांबवून ठेवणं परवडणारं नव्हतं. फ्यूज उद्या सकाळी आठच्या आत घालू, असं म्हणून त्याने ते आपल्या खणात टाकले आणि कागदावर सही केली.

मिलीमीटर टोपली पालथी घालून बसला आणि रोजच्या सवयीने चाकू पांढऱ्या फडक्याला पुसू लागला. फडक्यावर काळा चुरा आला. काळा यायचाच, वरच्या आवरणाचा. मग त्या काळ्यात केसासारखं लाल काहीतरी दिसलं. त्याने फडकं झटकलं, उजेडात धरलं. लाल. आणि एक निळं कुसळ.

 अकरा वर्षांत त्या फडक्यावर कधी रंग आला नव्हता. त्याने पातं खिडकीकडे धरलं. उतार चकाकत होता. पातं उलटं केलं, तर सपाट बाजूही काठाशी चकाकत होती. तिथेही उतार होता. कोणीतरी चाकूला दोन्हीकडून धार लावली होती, घरच्या चाकूला लावतात तशी, नीट, मायेने, आणि तो दिवसभर त्याच पात्याने तारांवरून फिरत होता आणि बोटांना पत्ताही लागला नव्हता.

बारा टोकं. कुठल्या टोकात तो लाल केस तुटला होता, कुठल्यात निळा?

मीटरने पास केलं होतं, पण त्याला ठाऊक होतं, ओरखडा कोरडा असेपर्यंत मीटरला दिसत नाही. यंत्र हादरतं, तार हळूहळू पत्र्याकडे सरकते, दमट हवा आत जाते. आठ दिवसांनी, नाहीतर दोन महिन्यांनी एका सकाळी यंत्राच्या अंगात वीज उतरते, आणि ओल्या फरशीवर उभी असलेली बाई त्याला हात लावते. सुपरवायझर दारात उभा होता. म्हणाला, चला, कुलूप लावतो. मिलीमीटरने चाकू मिटला, मूग गिळले आणि बाहेर पडला. आपण का बोललो नाही हे त्याला पुरतं माहीत होतं. पहिला प्रश्न आला असता, तुम्हाला कापताना कळलं कसं नाही?

घरी ताई कपडे घड्या करत होती. त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ताई, माझ्या चाकूला हात लावलास?"

"धार लावली काल. दगडावर चांगली घासून दिली."

"दोन्ही बाजूंनी?"

"मग काय एका बाजूने लावतात?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचे हात थांबले. दोन महिने बघतेय, ती म्हणाली, साधी वायर कापताना हात थरथरेपर्यंत दाबतोस, म्हटलं धार गेली असेल, तुला सांगितलं असतं तर हात लावू दिला नसतास. आणि मग तिने विचारलं, धार गेली होती ना? तो चपला काढायला खाली वाकला. तिने पुन्हा विचारलं नाही. हे तिचं न विचारणं त्याला विचारण्यापेक्षा जड गेलं.

जेवताना तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, उद्या कामावर जाऊ नकोस. का, तर असंच, एक दिवस आराम कर. ताईने त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत भावाने तिला आराम कर म्हटलं नव्हतं.

"मी नाही गेले तर चारवर दुसरी कोणीतरी उभी राहील," ती म्हणाली. "काय केलंयस तू?"

 चाकू चुकला, एवढंच त्याच्या तोंडून बाहेर पडलं, मी सकाळी लवकर जाऊन बघतो. ताईने ताट बाजूला सारलं. चूक माझ्या हातची ना, मग मीही येते, असं म्हणाली. तो नको नको म्हणाला, तिने ऐकलं नाही.

उजाडताच त्याने दगड भिजवला आणि सपाट बाजूवरचा तो नवा उतार घासून घासून काढला. काठावर खरखर राहिली का, हे बघायला अंगठा फिरवला. अंगठ्याने काही सांगितलं नाही. शेवटी वर्तमानपत्राचा कागद कापून पाहिला. कागद बरा कापला गेला. बरा म्हणजे किती बरा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

सातला ताई बाकीच्या बायकांची वाट बघत फाटकाशी थांबली आणि तो सुपरवायझरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. चाकूची धार चुकीची लागली होती, सगळी टोकं उघडावी लागतील, असं एका दमात सांगून टाकलं. सुपरवायझर वैतागला. बायका फाटकाशी यायला लागल्या होत्या, चादरींचे ढीग पडले होते, मीटरने पास केलं होतं.

"पण तुम्हाला कापताना कळलं नाही?"

"घाई होती," मिलीमीटर म्हणाला.

अख्ख्या गावात या माणसाने कधी घाई केलेली कोणी पाहिली नव्हती. सुपरवायझर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग खणातून फ्यूज काढून त्याने त्याच्या हातावर ठेवले. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल, पण दहाच्या आत आटपा. हा विश्वास मिलीमीटरला चटका लावून गेला. निदान हा चटका तरी त्याला जाणवला. फ्यूज त्याने स्वतःच्या खिशात घातले, वरून बटण लावलं, आणि ते लागलंय का हे डोळ्यांनी पाहिलं.

मग एकेक पेटी. चष्मा नाकावर, बॅटरी दातांत. मुख्य स्विचबोर्डाकडची सहाही टोकं साफ निघाली. एक नंबरच्या यंत्रात लाल तारेवर ओरखडा होता. दोन नंबरला पिवळीवर. सहा नंबरला निळीवर, चांगला खोल. प्रत्येक ठिकाणी हातभर जास्त केबल गुंडाळून ठेवायची त्याची सवय होती, ती कामी आली. खराब टोक कापायचं, नवीन सोलायचं. सोलताना त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. पातं कुठे आहे? आणखी थोडं? की झालं? तो आवाज ऐकत होता, पण बाहेर बायकांचा गलका वाढत चालला होता. तिन्ही टोकं झाल्यावर त्याने ती बॅटरीखाली फिरवून पाहिली आणि दिसतात तरी स्वच्छ, असं मनाशी म्हटलं.

तीन आणि पाच नंबर निर्दोष निघाले. चार नंबर त्याने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. पेटीचं झाकण काढताना स्क्रू दोनदा हातातून पडला. लाल बघितली, पिवळी बघितली, हिरवी, निळी. वरून, खालून, बाजूने. कुठे काही नाही. चार नंबर स्वच्छ होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्म्यावर वाफ धरली. सगळं जग एकीकडे आणि हे एक यंत्र एकीकडे, असं त्याला रात्रभर वाटत आलं होतं.

सुपरवायझरने एव्हाना बायकांना आत सोडलं होतं. ताई येऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"चार नंबरला काही नाही," तो म्हणाला.  "वाचलो."

"बघू."

"त्यात तुला काय कळणार?"

तिने हात पदराला कोरडा केला. "वीज नाहीये ना?"

त्याने खिशावर हात ठेवून दाखवला. ताई खाली वाकली आणि चादरीवरून फिरवायची तसा अंगठा एकेका तारेवरून फिरवत गेली, डोळे भलतीकडेच लावून. लाल झाली, पिवळी झाली, हिरवी झाली. निळीवर ती पार मुळाशी गेली, जिथे काळं आवरण संपतं आणि तार पेटीच्या भिंतीला पाठ लावून वळते. तिथे तिचा अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा गेला.

"इथे अडकतंय," ती म्हणाली.

त्याने तिच्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं. काही नाही. पुढेमागे केलं. गुळगुळीत. तो तिला तसं सांगणार होता, एवढ्यात तिने त्याचं बोट धरलं आणि नेमकं त्या जागी दाबलं. "आता?" तिने विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला कळलं की ती तारेबद्दल विचारत नाहीये. चहा ती दोन महिने कोमट करूनच का देत होती, तेही त्याला आत्ता कळलं.

त्याने पक्कड घेऊन निळी तार भिंतीपासून ओढून उलटी फिरवली. पाठीमागून ती नखाएवढी कापली गेली होती, आणि आत तांबं चमकत होतं. पेटीच्या पत्र्यापासून ते तांबं एक मिलीमीटरसुद्धा दूर नव्हतं.

 तो ओल्या फरशीवर तसाच खाली बसला. झाकण त्याच्या हातात होतं. ते लावून तो उठणार होता. खिशातले फ्यूज काढून देणार होता. दहा वाजता यंत्र सुरू झालं असतं, आणि ताई इथेच, या पाण्यात उभी राहिली असती. एक, दोन आणि सहा नंबरची टोकं त्याने सकाळी याच बोटांनी पुन्हा सोलली होती, याच डोळ्यांनी तपासली होती. तिथे कोण उभ्या राहतात त्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती.

सुपरवायझर घड्याळ बघत आला. झालं का, त्याने विचारलं.

"दुसरा माणूस बोलवा," मिलीमीटर म्हणाला. "सकाळी मी खोटं बोललो. घाई नव्हती. माझ्या बोटांना कळत नाही. दोन महिने झाले."

सुपरवायझरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.   ताई भावाच्या शेजारी त्याच ओल्या फरशीवर बसली आणि तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, लहानपणी काटा काढायला घ्यायची तसा.

दुसरा वायरमन यायला बारा वाजले. तोवर मिलीमीटर जागचा हलला नाही, कोणाला फ्यूज दिले नाहीत. वायरमन आपली पक्कड आणि कसलातरी बाजारी चाकू घेऊन आला होता. मिलीमीटरने तो चाकू उजेडात धरून पाहिला, परत दिला आणि स्वतःचा पुढे केला. "सपाट बाजू आत ठेवा," एवढंच सांगितलं. कामाच्या वेळी तो शेजारी बसून होता. बाराही टोकं पुन्हा उघडली. प्रत्येक टोक झालं की तो ताईकडे बघायचा, ताई अंगठा फिरवायची, मान हलवायची, आणि मगच झाकण लागायचं. सकाळच्या तीन टोकांपैकी एक पुन्हा बाद निघालं.

फ्यूज घातले तेव्हा तीन वाजून गेले होते. यंत्रं एकामागून एक घरघरू लागली. मिलीमीटर दारात उभा होता.  सगळं नीट आहे हे माहीत असूनही त्याची भीती तसूभर कमी झाली नव्हती, आणि इथून पुढे कुठलंही बटण दाबलं जाताना ती कमी होणारही नव्हती.

ताई पाण्यातून चालत चार नंबरपाशी गेली. चादरी उचलायच्या आधी तिने वळून दाराकडे पाहिलं, आणि यंत्राच्या ओल्या पत्र्यावर आपला उघडा तळहात ठेवला. तो तिथेच राहू दिला, भावाने श्वास सोडेपर्यंत.